गोधडी विका, रंग शिका. पण रंगांना लगेच गल्ल्यावर बसवू नका



गोधडीची किंमत कशी काढायची यावर आपण बोललो, तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. दुकानातही येतो, फोनवरही येतो. "ताई, मी गोधड्या शिवते. आता जोडीला फॅब्रिक पेंटिंग, वारली, ब्लॉक प्रिंट असं काहीतरी शिकावं म्हणते. त्यातून बिझनेस होईल का?"

माझं उत्तर दोन वाक्यांचं आहे. शिका, जरूर शिका. आणि पहिलं एक वर्ष त्यातलं काहीही विकू नका.

दुसरं वाक्य ऐकलं की समोरचा माणूस गोंधळतो. बिझनेस शिकवणारी बाई "विकू नका" म्हणते? आणि तीही मॅचिंग सेंटरवाली, जिच्या फळीवर दोऱ्याच्या रिळांशेजारी रंगांच्या डब्या आणि ब्रश विकायलाच मांडलेत? हो, मीच म्हणते. तुम्ही चोवीस रंगांचा सेट नेलात तर फायदा माझा आहे. म्हणून तर हे माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

"छंदाचा धंदा करा" हा सल्ला अर्धाच आहे

आजकाल कुणी काही करायला घेतलं की घरचे, शेजारचे, मोबाईलवरचे सगळे एकच विचारतात, "मग ऑर्डर घेता का?" केक केला, ऑर्डर घ्या. मेंदी काढली, ऑर्डर घ्या. मुलाच्या खोलीत भिंतीवर चार झाडं रंगवली, की लगेच "वॉल पेंटिंगचं काम घ्या."

यामागचं कारण आपल्याला माहीत आहे, फक्त आपण ते बोलत नाही. आपल्याकडे बाईच्या छंदाला घरात जागा मिळते ती त्यातून पैसे आले तरच. "बसून काय करतेस?" या प्रश्नाला "ऑर्डर आहे" हे उत्तर चालतं. "आवडतं म्हणून करते" हे चालत नाही. मग बायका काय करतात? ज्या गोष्टीत हात अजून बसलेला नाही, तिलाही धंदा म्हणायला लागतात. कारण परवानगी तशीच मिळते.

पुढे काय होतं ते मला काउंटरमागून दिसतं. पहिल्या महिन्यात रंग, स्टेन्सिल, लाकडी ठसे यांची खरेदी. दुसऱ्या महिन्यात नात्यातल्या दोन ऑर्डरी, त्याही "घरच्याच आहेत, काय घ्यायचे पैसे" म्हणून निम्म्या दरात. चौथ्या महिन्यात डब्या वाळून दगड होतात. आणि या सगळ्यात चांगली चाललेली गोधडी मागे पडते. पैसे जातात ते जातातच, वर "मला काही जमत नाही" हे मनात बसतं. हे दुसरं नुकसान जास्त मोठं आहे.

म्हणून म्हणते, एका वेळी एकाच गोष्टीला धंदा म्हणा. दुसरीला छंदच राहू द्या, आणि तसं घरात स्पष्ट सांगा.

आधी आकडे बघूया

नुसतं मत देऊन मी कधी थांबत नाही, हिशोब मांडते. हा हिशोब समजण्यापुरता आहे, तुमचे आकडे वेगळे असतील. वही घ्या.

समजा, पाच बाय सात फुटांची गोधडी आहे, सगळी हाताच्या धावदोऱ्याची. वरचं कापड, अस्तर, दोरा मिळून सामान ७०० रुपयांचं. हाताचं काम ४० तासांचं. विकली १८०० रुपयांना. सामान वजा करून ११०० उरले. भागिले ४०. तासाला २७ रुपये ५० पैसे.

आता तुम्ही म्हणता, "मधे एक रंगवलेली चौकट लावते, म्हणजे किंमत वाढेल." बरं. रंग आणि वेगळ्या कापडाचे २५० रुपये, रंगवायला सहा तास. गोधडी २२०० ला गेली. चारशे जास्त मिळाले म्हणून आपण खूश. पण हिशोब बघा. २२०० मधून ९५० गेले, उरले १२५०. भागिले ४६. तासाला २७ रुपये १७ पैसे.

म्हणजे किंमत चारशेने वाढली आणि तुमची मजुरी कमी झाली!

आता तिसरा हिशोब. रंगवलेली चौकट नाही. तेच ७०० चं सामान, तेच ४० तास. फरक एवढाच की रंग शिकल्यामुळे तुम्ही तुकड्यांची निवड आणि मांडणी चांगली केली, आणि गिऱ्हाईक तेच २२०० द्यायला तयार झालं. उरले १५००, भागिले ४०. तासाला ३७ रुपये ५० पैसे.

माझा सगळा मुद्दा या तिसऱ्या हिशोबात आहे. गोधडीवाल्याला चित्रकला पैसे मिळवून देते ती चित्र विकून नाही, नजर सुधारून. आणि नजर ऑर्डरीच्या घाईत सुधारत नाही. ती सुधारते कागद फाडून टाकायची मोकळीक असते तेव्हा. गिऱ्हाइकाचं कापड पुढ्यात असेल, तर कोण चुकायला धजेल?

(आणि हो, ३७ रुपये तासालासुद्धा कमीच आहेत. दर वाढवण्याबद्दल वेगळं बोलू. पण दिशा तरी बरोबर आहे ना?)

रंग नेमकं काय शिकवतात

"नजर" म्हटलं की हवेतली गोष्ट वाटते. म्हणून तीन ठोस गोष्टी सांगते.

पहिली, गडद आणि फिकट. आपण गोधडीसाठी तुकडे निवडताना रंगाचं नाव बघतो. लाल आहे, हिरवा आहे, छान उठून दिसेल. शिवून झाल्यावर चार हातांवरून बघावं तर सगळा नक्षा सपाट. का? लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद होते. रंग वेगळे, पण उजेड तोच. चित्रकलेत हे पहिल्या महिन्यात कळतं. एकच रंग घ्या, निळा म्हणा. कागदावर पाच चौकोन काढा. पहिल्यात भरपूर रंग, मग पाणी वाढवत वाढवत पाचव्यात अगदी फिका. ही पायरी जमली की कपाटातल्या चिंध्यांचे पाच ढीग करा: सगळ्यात गडद ते सगळ्यात फिकट, रंग कुठलाही असो. शंका आली तर मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. ज्या तुकड्यांमधला फरक फोटोत दिसत नाही, ते शेजारी शेजारी लावून नक्षा उठणार नाही. ही युक्ती फुकट आहे आणि आजपासून वापरता येते.

दुसरी, रिकामी जागा. वारली चित्र आठवा. गेरूने सारवलेली भिंत आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचं धड तयार. पण नीट बघा, भिंतीचा किती भाग तसाच मोकळा असतो! ती मोकळी भिंत आहे म्हणून बारीक रेघ दिसते. आपल्या गोधडीत मात्र एक इंच सोडवत नाही. फुलं, ठिपके, चौकडा, काठ, सगळं एकावर एक. आठवडाभर वारलीचा सराव केलेली बाई गोधडीत साध्या रंगाचा पट्टा सोडायला घाबरत नाही. आणि तो पट्टाच बाकीचं काम वर आणतो.

तिसरी, नमुना करून बघणं. ठसे छापणारा माणूस आधी चिंधीवर छापून बघतो, मगच चांगल्या कापडाला हात लावतो. आपण गोधडीवाले थेट मोठ्या कामाला हात घालतो. एक फूट बाय एक फूट तुकडा आधी शिवा. घड्याळ लावून शिवा. समजा ७० मिनिटं लागली. पाच बाय सात म्हणजे ३५ चौरस फूट. ३५ गुणिले ७०, म्हणजे २४५० मिनिटं, जवळपास ४१ तास. आता गिऱ्हाईक "किती घ्याल?" म्हणालं की तुम्ही छताकडे बघणार नाही. तोच तुकडा दोनदा धुऊन बघा. रंग जातो का, कापड आटतं का, आधीच कळेल.

बघा, तीन गोष्टी चित्रकलेच्या, आणि फायदा तिन्हींचा गोधडीत.

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही

आपल्या जिल्ह्याला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. बाबूराव पेंटर यांचंच घ्या. जन्म १८९०, मूळ आडनाव मेस्त्री. घरात सुतारकाम, लोहारकाम, म्हणजे हातात हत्यार आधीपासून. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. ते त्यांचं कमाईचं काम. त्या काळात सिनेमा नवीन होता, आणि या भावांनी स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी ते काम सोडलं नाही. १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे आपल्या चित्रपटांची पोस्टर्सही त्यांनी रंगवली.

यातून आपण काय घ्यायचं? पडद्यांचं काम रोजीरोटीचं होतं. कॅमेऱ्याच्या नादातून पहिली काही वर्षं एक पैसा येणार नव्हता. त्यांनी त्याला वेळ दिला. आणि पुढे सिनेमात मेस्त्रीचा हात, पेंटरची नजर, सगळं एकत्र कामाला आलं. एक काम पोट भरतं, दुसरं काम माणूस वाढवतं. दुसऱ्याला पहिल्याच दिवशी "तू किती कमावलंस?" विचारलं असतं, तर तो कॅमेरा झालाच नसता.

नदीच्या वळणावरच्या गोधड्या

आता जरा लांबचं उदाहरण, पण आपल्यासाठी अगदी जवळचं. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. नदीने तीन बाजूंनी वेढलेली. आपल्यासारखीच, पाण्याच्या मर्जीवर राहणारी. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. शेतात घालून विरलेल्या पँटी, पिठाच्या पोत्यांचं कापड, जे असेल ते.

१९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर मिळाली. कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचे. सगळे एका मापाचे, एका शिवणीचे. त्यात स्वतःची कल्पना चालवायला जागा नाही. पण काम नियमित, पैसा नियमित. त्या गरीब वस्तीत याची किंमत फार मोठी होती.

आता गंमत ऐका. त्या ऑर्डरीच्या कॉर्डरॉयचे उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले. आणि घरी त्यांना हवं तसं, वाकडंतिकडं, मनासारखं जोडून गोधड्या केल्या. ऑर्डर नाही, माप नाही, कुणाची पसंती नाही. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात लागलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. तिथे त्या भिंतीवर चित्रासारख्या टांगल्या गेल्या, आणि बघणारे आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना करायला लागले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. त्या प्रदर्शनातून नाव झालं ते घरासाठी शिवलेल्या गोधड्यांचं. अभ्र्यांना कुणी भिंतीवर लावलं नाही.

कृपा करून याचा अर्थ "आपल्याही गोधड्या संग्रहालयात जातील" असा काढू नका. तो नशिबाचा भाग, त्यावर प्लॅन बनत नाही. अर्थ हा घ्या, की अभ्र्यांनी घर चालवलं आणि घरच्या गोधड्यांनी हात जिवंत ठेवला. दोन्ही लागतं. आणि दोन्हींची सरमिसळ झाली नाही, म्हणून दोन्ही टिकलं.

आपल्याला तर तुकड्यांसाठी लांब जायला नको. वीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. तिथे यंत्रमागाची सुरुवात १९०४ सालची. कापडाचं गाव म्हणजे कटपीस आणि चिंध्या यांचंही गाव. सरावाला लागणारं कोरं सुती कापड आपल्याला जेवढ्या सहज मिळतं, तेवढं फार कमी ठिकाणी मिळत असेल.

"पण ताई, आमच्याकडे छंदाला पैसा कुठे?"

हा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. ज्या घरात महिन्याचा मेळ बसत नाही, तिथे "आनंदासाठी रंगव" असं सांगणं सोपं आणि फुकटचं असतं. म्हणून मी तीन नियम देते.

नियम एक: शिकण्याचा खर्च घरखर्चातून नाही, गोधडीच्या कमाईतून. प्रत्येक गोधडी विकली की शंभर रुपये वेगळ्या डब्यात. वहीत त्याला "शिक्षण" म्हणून नोंदवा. सहा गोधड्यांचे सहाशे झाले की तेवढंच बजेट. डबा रिकामा तर खरेदी बंद. घरात कुणी विचारलं तर वही दाखवा. उधळपट्टीला वही नसते.

नियम दोन: चोवीसचा सेट घेऊ नका. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. पाच डब्या, दोन ब्रश, एक जाड आणि एक बारीक. बाकीचे रंग मिसळून करायचे. मिसळताना जे कळतं ते तयार डबीतून कळत नाही. हे दुकानदार म्हणून सांगायला मला जड जातंय, पण खरं तेच आहे!

नियम तीन: एका वेळी एकच तंत्र, निदान तीन महिने. पाण्याचे रंग घ्या, नाहीतर वारली घ्या, नाहीतर ठसे घ्या. दर आठवड्याला नवा व्हिडिओ बघून नवं तंत्र, याला शिकणं म्हणत नाहीत. ती करमणूक. करमणूकही चांगलीच, पण तिला साहित्य विकत घ्यायची गरज नसते.

आणि काही शिकणं तर फुकट आहे. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात जा. एकेका खांबात चौकोन, अष्टकोन, वर्तुळ कसे एकावर एक बसवलेत ते बघा. पेन्सिलने वहीत उतरवा. ते सगळे गोधडीचेच आकार आहेत.

वाडीचं कॅलेंडर वापरा

शिकायला वेळ कधी काढायचा? आपल्याकडे निसर्गानेच वेळापत्रक दिलंय.

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा चढायला लागतात. मंदिरात पाणी येतं, दक्षिणद्वार सोहळा होतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण कुणीच विसरलेलो नाही. नदीकाठच्या दुकानांमधला माल वरच्या मजल्यावर जातो, गिऱ्हाईक कमी होतं. हे महिने कागदावर शिकायचे. पाच पायऱ्यांचे चौकोन, रंग मिसळणं, रेघांचा सराव. कापडाला या दिवसांत हात लावू नका. दमट हवेत रंग लवकर वाळत नाही आणि घडी घातलेल्या कापडाला कुबट वास धरतो. पुराची भीती असेल तर वही आणि पाच डब्या एका पिशवीत मावतात, उचलून नेता येतात. एवढंच सामान ठेवायचं हेही एक कारण.

दसऱ्यापासून दत्तजयंतीपर्यंत आणि पुढे थंडी असेपर्यंत फक्त गोधडी. वाडीला येणारी गर्दी, थंडी, घरोघरी बाळंतविड्याची दुपटी, सगळी मागणी याच काळात. या दिवसांत रंगांची पिशवी कपाटात.

फेब्रुवारी ते मे, ऊन कडक. आता कापडावर रंगवा. त्याआधी चार गोष्टी लक्षात ठेवा. कोऱ्या कापडाची खळ धुऊन काढा, नाहीतर रंग वर बसतो आणि धुतल्यावर जातो. कापडासाठीचाच रंग घ्या. शाळेतल्या मुलांचे पोस्टर रंग पाण्याबरोबर निघून जातात. वाळल्यावर डबीवर लिहिलंय तेवढा वेळ इस्त्री करा, मगच पाणी लावा. आणि रंग पातळ लावा. जाड थराने कापड कडक होतं, त्यातून हाताची सुई नीट जात नाही. वाकळ अंगावर घ्यायची वस्तू आहे, पुठ्ठ्यासारखी होऊन कशी चालेल?

मग विकायचं कधी?

मी कायमचं "विकू नका" म्हणत नाही. वर्षानंतर तीन प्रश्न स्वतःला विचारा.

एक, ओळख नसलेल्या माणसाने आपणहून किंमत विचारली का? मावशीने कौतुक केलं ते धरू नका.

दोन, तेच काम मी पुन्हा तसंच करू शकते का, आणि किती तासांत? चित्र एकदा चांगलं जमणं ही कला. दहादा जमणं हा धंदा.

तीन, ऑर्डर म्हणून करायला लागले तरी मला ते आवडेल का? इथे उत्तर "नाही" आलं तर त्यात काही वाईट नाही. ते सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. ती गोष्ट छंद म्हणून जपा.

आणि विकायची वेळ आलीच तर प्रामाणिकपणे विका. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, ती पालघर-डहाणूकडच्या आदिवासी कलाकारांची ओळख आहे. आपण आठ दिवस शिकून "अस्सल वारली" असं लेबल लावायचं नाही. "वारली चित्रांवरून शिकून केलेलं" असं सांगा. कोल्हापुरी चप्पल म्हणून भलतंच काही विकलेलं आपल्याला कसं लागतं? तसंच त्यांनाही लागतं.

आणखी एक सांगते. शेजारच्या कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्यांचीही गोधडीच, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्या कापडाच्या घडीची छोटी फुलं लावतात. त्या फुलांनी ऊब वाढत नाही, कवंदी जास्त टिकत नाही. पण फुलांशिवाय त्यांना ती पुरी वाटत नाही. गरजेच्या वस्तूतही चार कोपरे आपल्या मनासाठी ठेवायचे, हे त्यांना कुठल्या ट्रेनरने शिकवलेलं नाही.

तुमच्या आठवड्यातही असा एक कोपरा असू द्या. रविवारी दुपारचा एक तास म्हणा. त्या तासाचं बिल कुणाला द्यायचं नाही.

आता या आठवड्याचा गृहपाठ. एक, शेवटच्या गोधडीचा तासाचा दर काढा, खरा, कमी आला तरी. दोन, घरातल्या तुकड्यांचे गडद ते फिकट पाच ढीग करा आणि कृष्णधवल फोटो काढून तपासा. तीन, एक डबा घ्या, त्यावर "शिक्षण" लिहा आणि त्यात पहिले शंभर रुपये टाका.

तासाचा दर किती आला ते मला नक्की कळवा. कमी आला म्हणून लाजू नका. कमी आहे हे कळल्याशिवाय तो वाढणार कसा? भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धावदोरा सरळ ठेवा आणि ब्रश धुऊन ठेवा!